वादळाला दिलेला डबा

सूर्यावरून निघालेलं वादळ गुरुवारी दुपारी कोरेवाडीच्या वीज उपकेंद्रात आलं आणि दारात चपला काढून उभं राहिलं. वर्दी आधीच मिळाली होती. पण पाहुणे इतके वेळेवर येण्याची आम्हाला सवय नाही.

"मला जमिनीत जायचंय," ते म्हणालं. "तुमच्या ट्रान्सफॉर्मरमधून जवळ पडतं."

जवळ पडतं खरं, पण त्यात ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि नवा यायला दीड वर्ष लागतं. तो आधीच बंद करून ठेवला की वाचतो. पण सरकारी दवाखान्याची वीज त्याच्यावरच होती, तिथला जनरेटर उद्घाटनानंतर चाललेला नव्हता, आणि आमच्या प्रमुख सुलभाताई खरमाटे यांची लेक त्याच घटकेला तिथे बाळंत होत होती.

"उन्हातून आलात," ताई म्हणाल्या, "आधी गूळपाणी घ्या."

वादळाला नाही म्हणवेना. गूळपाण्यानंतर पोहे झाले, पोह्यांनंतर चहा. ताई एक डोळा फोनवर ठेवून चौकशी करत होत्या. घरी कोण कोण असतं?

"वडीलच. जरा तापट आहेत."

"असायचेच. अजून थोडे पोहे?"

"खरंच नको. निघायला हवं." वादळ उठलं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. ताईंनी पदराने डोळे टिपले आणि मला खूण केली. मी ट्रान्सफॉर्मर बंद केला.

"आता मी कुठून जाऊ?" वादळाने विचारलं.

"मागे अर्थिंगचा खड्डा आहे. थोडं लांब पडेल. पण नात झाली माझी, तोंड गोड केल्याशिवाय कसं सोडू?" लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा अख्खा डबाच ताईंनी त्याच्या हातात दिला.

"आणि डबा?"

"सावकाश द्या हो. घाई नाही."

खड्ड्यात उतरता उतरता वादळाने झाकणावर कोरलेलं ताईंचं नाव वाचलं. "नक्की आणून देईन," ते म्हणालं. "आणि रिकामा नाही हं देणार."

घडलं ते आम्ही मुख्यालयाला रीतसर कळवलं. उलट टपाली एकच विचारणा आली: डबा केवढा होता?

ताईंनी उत्तर पाठवलं आहे. तीन पुडांचा.