तात्यांचा ओटीपी

तुमच्या फोनवर आलेला ओटीपी कुणी मागितला, तर तुम्ही काय करता? फोन ठेवता, हो ना? आमचे बबनतात्या विचारायचे, "जेवलास का?"

तात्या आमच्या कबड्डी संघाचे सचिव. राहणार निरगुडसर. फोन ते पितळी परातीत ठेवायचे, म्हणजे वाजला की गोठ्यापर्यंत ऐकू जावा. आणि तो वाजायचाच, कारण संघाच्या शंभरावर खेळाडूंच्या नोंदणीत मोबाईल नंबर एकच होता: तात्यांचा. डोंगरातल्या गावांना रेंज नाही, पोरींच्या हातात फोन नाही, बापाचा फोन बापाबरोबर मंचरच्या बाजारात. फॉर्मवर रकाना रिकामा दिसला की तात्या म्हणायचे, "टाक माझा. आपलाच हाये."

संघाची डिजिटल दुकानं चार. नोंदणीची वेबसाइट, मैदान बुकिंगचं ॲप, गुणफलकाचं ॲप आणि प्रमाणपत्रांचं पोर्टल. चार पासवर्ड, आणि एकही कुणाला आठवत नसे. मग 'पासवर्ड विसरलात?' वर बोट दाबायचं. ओटीपी जायचा निरगुडसरला. खेळाडू शाळेतल्या संगणकावर बसून सरांच्या फोनवरून तात्यांना लावायचा.

"तात्या, सुमन बोलतीय, आहुप्याची. ओटीपी आला का?"

"आलाय की. पन तू सुमनच कशावरनं?"

"अवो, आवाज वळखा की!"

"आवाज सर्दीनं बी बदलतो. सांग, मागच्या मॅचला कुठं लागलं व्हतं?"

"डाव्या गुडघ्याला."

"मंग हळद लावली का? आई कशी हाये? म्हस व्याली?"

म्हैस व्याली का नाही हे ठरेपर्यंत ओटीपीची दोन मिनिटं संपलेली असत. "परत मागीव," तात्या खुशीत म्हणायचे, "मी हाये हितंच."

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला माणूस. आमच्या घरात कॅलेंडरच्या आधी घोषणा लागायच्या. संघाने या चार दुकानांना एकच दरवाजा करायचं काम माझ्याकडे दिलं. एक नाव, एक नंबर, एकदा आत आलं की सगळीकडे आत. दुसऱ्या कुणी आधी प्रोग्राम लिहिला असता. मी पत्रक लिहिलं. 'एक खेळाडू, एक ओळख! मध्यस्थ हटवा!' दोन उद्गारचिन्हांत मला क्रांती दिसत होती. तात्यांनी ते पत्रक मंचरच्या स्टँडवर स्वतःच्या हाताने वाटलं. "लई झ्याक लिवलंय, राव," म्हणाले. मला वाटलं, बिचाऱ्यांना मध्यस्थ कोण ते कळलेलंच नाही.

जुन्या नोंदी जुळवायला मी खूण धरली मोबाईल नंबरची. तत्त्व स्वच्छ होतं: एक नंबर म्हणजे एक माणूस. नारायणगावच्या कार्यालयात टाळ्यांच्या गजरात मी बटण दाबलं, आणि शंभरावर खेळाडू एका क्षणात बबनतात्या झाले.

पडद्यावर तात्या, वय चौसष्ट, मुलींच्या कुमारी गटात उजव्या कोपऱ्यात उभे होते. त्याच वेळी मंचरला चढाई करत होते आणि जुन्नरला बाद होत होते. सुमनला पोलीस भरतीसाठी प्रमाणपत्र हवं होतं. ते छापून आलं तात्यांच्या नावाने. पोरीने ते प्रमाणपत्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, आता मी कोन?"

सगळ्यांना ओळख द्यायला निघालेला मी. होती तीही घालवून बसलो होतो.

जुन्या नोंदींची प्रत होती, पण तिच्यात नावं अर्धवट. नुसत्या सुमनच तीन. शेवटी लॅपटॉप घेऊन निरगुडसरला गेलो. घरात तात्या एकटेच. काकू गेल्या, मुलगा पुण्यात. ओसरीवर बसलो. मला वाटलं, आता वही निघेल. वही नव्हतीच.

"ही सुमन म्हंजी डावा गुडघा. दुसरी बोनसला घाई करती, तिच्या मामाचा नंबर घे, नारायणगावात टमाट्याच्या गाडीवर असतो. तिसरी लगीन करून गेली, पन खेळती आजून. नवरा चांगला हाये, त्याचा घाल."

दोन दिवस हे चाललं. प्रत्येकाला कुणाचा ना कुणाचा, पण वेगळा नंबर मिळाला. ज्याला नाही मिळाला, त्याच्यासाठी तात्यांनीच फोनाफोनी करून मिळवला. शेवटची नोंद झाल्यावर मी विजयी चेहऱ्याने लॅपटॉप मिटला. तात्या म्हणाले, "म्हंजी आता माझा कुठंच न्हाई ना?"

"कुठंच नाही!" मी म्हणालो. उद्गारचिन्हासकट.

"ब्येस झालं. पोरांचा खोळंबा व्हायचा. मध्यस्थ हटला." आणि माझ्याकडे बघून हसले. "पत्रक वाटताना वाचलं व्हतं मी, राव."

सुमनला तिच्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं. एकच दरवाजा झकास चालू लागला. संघाच्या बैठकीत माझं अभिनंदन झालं, आणि महिन्याभराने तात्यांना द्यायचं आभारपत्र घेऊन मीच निरगुडसरला गेलो.

फोन परातीतच होता. चार्जिंगला लावलेला, भरलेला. तात्यांनी पत्र न वाचता बाजूला ठेवलं.

"जरा तुज्या फोनवरनं लाव बरं. माझा बिघडलाय वाटतं. वाजतच न्हाई."

मी लावला. परात खणखणली. फोनमध्ये काही बिघाड नव्हता. मी हातभर अंतरावर बसलो होतो, तरी तात्यांनी तो उचलला, कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"कोन बोलतंय? ... कशावरनं?"

माझ्याकडे सांगायला कुठलाच गुडघा नव्हता. मी म्हणालो, "तात्या, ते पत्रक लिहिणारा."

"वळखलं," तात्या फोनमध्ये म्हणाले. "जेवलास का?"

म्हणून एक विनंती आहे, आणि या वेळी घोषणा नाही. जुन्नर-आंबेगावात तुम्ही कधी कबड्डी खेळला असाल, तर तात्यांचा नंबर तुमच्याकडे आहे. जुन्या फॉर्मवर स्वतःचा म्हणून तुम्ही तोच लिहिला होता. तो लावा. काम काढू नका. गुडघा कसा आहे ते सांगा. आणि जेवून मगच लावा, नाहीतर बोलणी खाल.