पाहुणे बसून हायेत

पोलिसांच्या स्पीड कॅमेऱ्याला आयुष्यभर चकवणारा ड्रायव्हर म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर कोण उभा राहतो ते मला बरोबर माहीत आहे. काळा गॉगल, गळ्यात साखळी, एक हात खिडकीबाहेर, अन् काटा शंभरच्या वर. आता तो गॉगल काढा. साखळीही काढा. कानावरून गुंडाळलेला दुपट्टा घाला, खिशात चुन्याची डबी ठेवा, अन् काटा ओढून चाळीसवर आणा. हे आमचे डोमाजी काकाजी. त्यांची काळीपिवळी जीप चाळीसच्या वर जाताना गावात कोणी पाहिली नव्हती. उतारावरही नाही. शाळेच्या पोरी सायकलवर मागून यायच्या अन् साइड द्या म्हणून घंटी वाजवायच्या.

अन् हा माणूस रोज पहाटेपासून कॅमेरेवाली गाडी आज कुठं उभी राहील याच काळजीत. मी एकदा विचारलं, काकाजी, बैलगाडीचं बी चालान होते काय? तर म्हणाले, "आपल्यासाठी नाही रे बाप्पा. रोडसाठी."

मी तुमसरला मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावातून रोज त्यांच्याच जीपनं जातो, त्यांच्याच जीपनं येतो, तेही पुढच्या सीटवर. ही सीट मला एका कामामुळे मिळाली. काकाजींचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, त्यामुळे त्यांचा फोन त्यांच्या तोंडासमोर धरायचा अन् ते बोलेपर्यंत व्हॉट्सॲपचं माईकचं बटण पकडून ठेवायचं. आधी एक लांब खाकरणं व्हायचं. मग: "हां, डोमाजी बोलून राहिलो. पाहुणे जांभळीखाली बसून हायेत. पाय उचला."

पाहुणे म्हणजे पोलीस. पोलीस हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. अन् पाय उचला म्हणजे ॲक्सिलरेटरवरून. हा निरोप रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर जायचा. ट्रकवाले, ऑटोवाले, धानाचे पोते नेणारे मिनीट्रकवाले, सगळे त्यात. रेडिओवरच्या बातम्यांवर कोणी विश्वास ठेवला नसेल इतका डोमाजींच्या खाकरण्यावर ठेवायचे.

कारण काकाजींचं शास्त्र पक्कं होतं. समोरून येणाऱ्या पोराचं हेल्मेट कोपरातून डोक्यावर गेलेलं दिसलं, की पाहुणे जवळच. ट्रकवाला ट्रॅक्टरला प्रेमानं साइड देऊन राहिला, की पाहुणे फारच जवळ. अन् सगळ्यात मोठी गोष्ट सावलीची. "साहेबाले बी ऊन लागते ना," ते म्हणायचे. "सकाळी जांभळीखाली, दुपारी चिंचेखाली. झाड पाहा, पाहुणे भेटतेत." कोणत्या झाडाची सावली किती वाजता कुठं पडते हे त्यांना असं पाठ होतं, की त्या झाडालाही माहीत नसेल.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. प्रत्येक निरोपाच्या शेवटी ते न चुकता जोडायचे, "अन् पाळीच्या वळणावर बी बसून हायेत."

आमच्या गावच्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून रस्ता जातो अन् तिथंच एकदम वळतो. त्या वळणावर काकू, म्हणजे काकाजींची बायको, तलावातले शिंगाडे विकायला बसतात. तलाव रस्त्याच्या या बाजूला, घर त्या बाजूला. दिवसभर डोक्यावर पाटी घेऊन त्यांचं इकडून तिकडे चालू असतं. काकूंना ऐकू कमी येतं. ट्रकनं जोरात हॉर्न दिला तर त्या मान वर करून आभाळ पाहतात, गरजलं काय म्हणून.

आता गंमत पाहा. त्या वळणावर झाड नाही. एक बोरीचं झुडूपसुद्धा नाही. मग काकाजींच्याच शास्त्रानं तिथं पाहुणे बसतील कसे? अन् दोन वर्षांत मी तिथं पोलिसाची टोपीसुद्धा पाहिली नव्हती. मी मनाशी म्हटलं, बुढा थापा मारून राहिला. पण कायले, हे विचारायची अक्कल मला झाली नाही. मी नकल्या माणूस. शाळेत असताना मुख्याध्यापकांच्या आवाजात माईकवरून सुट्टी जाहीर केली होती, अर्धी शाळा घरी पोचून जेवायला बसली होती. डोमाजींचं खाकरणं तर मी चहाच्या टपरीवर फर्माइशीवर करून दाखवायचो.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी तीनची परतीची खेप होती. जीप तापली म्हणून काकाजी हातपंपावर उतरले, रेडिएटरमध्ये पाणी टाकायला. फोन माझ्या हातात. मागे आठ-दहा सवारी आंबलेल्या तोंडानं बसलेल्या. म्हटलं, यांना जरा हसवू. बटण पकडलं, खाकरलो अन् म्हणालो, "हां, डोमाजी बोलून राहिलो. पाळीवर आज कोणीच नाही. पाहुणे लग्नाले गेले. दाबा."

सवारी हसल्या. ग्रुपवर पटापट अंगठे आले. एवढ्यात मागून पोत्यांनी भरलेला मिनीट्रक आला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून ओरडून सांगितलं की काकाजी, मेसेज भेटला, पाळ मोकळी आहे म्हणता तर आता राइसमिलवर चारच्या आत पोचतो. अन् गेला.

काकाजी डबा हातात घेऊन उभे. "कोणता मेसेज?"

मी मोठ्या रुबाबात वाजवून दाखवला. सवारी पुन्हा हसल्या. काकाजी हसले नाहीत. डबा तिथंच पडला, रेडिएटरचं झाकण बसलं की नाही देव जाणे, अन् ते गाडीत येऊन बसले.

त्या दिवशी मला कळलं की ती जीप चाळीसच्या वर जाते. पन्नासवर जाते. सत्तरवरही जाते. बॉनेटमधून वाफ निघून राहिली, मागे एका बुढीनं मोठ्यानं देवांची नावं घ्यायला सुरुवात केली, अन् मी डॅशबोर्डला दोन्ही हातांनी मिठी मारली. पुढे चिंच आली. काकाजींच्या शास्त्राप्रमाणे चिंचेखाली खरोखरच पाहुणे बसून होते. मिनीट्रक शहाण्या पोरासारखा वीसवर आलेला. अन् आम्ही त्याच्या बाजूनं, हॉर्न वाजवत, कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून पुढे निघालो. एक पाहुणा खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

मिनीट्रकच्या पुढे गेल्यावर काकाजींनी जीप रस्त्याच्या मधोमध घेतली अन् काटा दहावर आणला. मागून मिनीट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देऊन राहिला. वळण आलं.

काकू रस्त्याच्या बरोबर मध्यात होत्या. डोक्यावर पाटी, पाठ आमच्याकडे. हॉर्न ऐकून त्या थांबल्या, एका हातानं पाटी सावरली अन् मान वर करून आभाळ पाहिलं. मग सावकाश पलीकडे गेल्या, पाटी उतरवली, मागे वळल्या तर आम्ही. त्या हसल्या.

मला वाटलं आता कानाखाली बसते. पण ते फक्त एवढंच म्हणाले, "पकड बटण."

मी पकडलं. या वेळी खाकरणं झालं नाही.

"डोमाजी बोलून राहिलो. मगाचा मेसेज खोटा हाय. पाळीवर पाहुणे बसून हायेत. रोज बसून राहतेत." काकूंकडे पाहिलं. "पाय उचला, बाप्पा."

दोन वर्षं जिला मी थाप म्हणत होतो ती माझ्या समोर शिंगाडे निवडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी फोनवर चालान आलं. काकाजींच्या आयुष्यातलं पहिलं. फोटोही होता: वाफाळती जीप, काचेमागे दुपट्टा, अन् त्याच्या बाजूला माझा उघडा जबडा. जीप वळणावर थांबली तेव्हा एका सवारीनं, तोंडाला कुलूप नाहीच, ही बातमी ओरडून काकूंना सांगितली. काकूंनी सगळ्यांदेखत काकाजींची खरडपट्टी काढली.

"सत्तर? या वयात? लाज हाय काय जराशी?" त्या म्हणाल्या. "इथं बसून मी रोज पायतो. ट्रकवाले, टेम्पोवाले, ना ओळख ना पाळख, पण पाळीवर आले का कसे गरिबावानी हळू होतेत. कोणाचे लेकरं हायेत देव जाणे, पण गुणाचे हायेत. अन् माह्या घरचाच माणूस असा. शिका त्याइच्यापासून काही."

काकाजी मान खाली घालून म्हणाले, "हो, शिकतो." अन् काकूंनी दिलेले मूठभर शिंगाडे खिशात टाकले.

जीप निघाली. चाळीसवर. थोड्या वेळानं मी हळूच म्हटलं, काकाजी, चुकलं माझं. मग माझी पाळी आली.

"आवाज बरोबर होता," ते म्हणाले. "खाकरणं बी बरोबर. पण 'दाबा'? इतके वर्षं गाडी चालवून राहिलो, मले कोणाले 'दाबा' म्हणताना ऐकलं काय रे तू कधी? एवढं बी ध्यान नाही, अन् नकल्या म्हणवते सोताले."