आत कोन हाय?

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर अडला की हवालदार शिट्टी फुंकत. खरीखुरी, कवायतीची, पांढऱ्या दोरीनं गळ्यात अडकवलेली. शिट्टी झाली की चारही टेबलांवर हात वर. मग हवालदार एकेका कॉम्प्युटरवर टकटक करून पडद्यालाच विचारत, "आत कोन हाय?" नातीला सांगितलं तर तिला मी थापा मारते असं वाटतं.

फौजेत त्यांनी वायरलेस सांभाळला होता. निवृत्त होऊन विट्याजवळच्या आमच्या पाणीवापर संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायला आले. सभासदांची यादी एकच आणि उघडणारे चौघे. एकानं एखाद्याची नोंद उघडली की दुसऱ्याला तिथं बोट लावता येत नसे. 'ही नोंद दुसरीकडे उघडी आहे' अशी पाटी यायची. आमच्यातला कुणीतरी नोंद उघडी टाकून चहाला गेलेला असायचाच.

"आवं, आत शिरलाय तर भाईर बी पडत जावा की!" हवालदार ओरडायचे. "कडी लावून बसलाय, आन लोक दारात हुबं!"

नोंद बंद केली की प्रत्येकानं मोठ्यानं "बाहेर!" म्हणायचं, असा त्यांचा हुकूम. एकदा आम्ही चौघं एका सुरात ओरडलो, तर समोर अर्ज घेऊन उभा असलेला शेतकरी चपला हातात घेऊन रस्त्यावर गेला.

मी तेव्हा पन्नाशीची. सांगलीत तीन महिन्यांचा कोर्स करून आले होते. चष्मा नवा आणि अक्कलही नवीच, फारशी न वापरलेली. सचिवांनी मला काम दिलं, वारलेल्या सभासदांच्या जागी वारसांची नावं घालायचं. "सोमवारी यादी पुरी नसली तर बाई, तुम्ही आपलं आवक-जावक रजिस्टरच बघा. इथं नवी मुलगी घेतो."

अर्धा जन्म त्या रजिस्टरात गेला होता. परत तिकडं जायचं नव्हतं.

शुक्रवारपर्यंत सगळी नावं झाली. एकच राहिलं. शालन संपत माने. उघडायला जावं तर पाटी.

"हवालदार, बघा की जरा."

शिट्टी झाली, हात वर झाले, टकटक झाली. चारही टेबलांवरून "बाहेर!" झालं. पाटी तशीच.

"ऱ्हाऊ द्या बाई," हवालदार खिडकीबाहेर बघत म्हणाले. "एका नोंदीनं काय पाट फुटतोय व्हय?"

एकेका नोंदीपायी चहा गार करणारा माणूस 'राहू द्या' म्हणतो! तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी कसली शहाणी! मला वाटलं, हे माझ्या कोर्सवर जळतात. मला परत रजिस्टरवर बसवायचा कट आहे.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी बाकीचे तिन्ही कॉम्प्युटर स्वतः बंद केले आणि माझ्यावर नोंद उघडायला गेले. पाटी हजर! म्हणजे आत पाचवं कुणीतरी होतं. भिंतीवरच्या निळ्या वायरी मोजल्या. चार हव्या होत्या, निघाल्या पाच. पदर खोचून पाचवीच्या मागं लागले. कपाटावर डोकं आपटलं, कोळिष्टकं खाल्ली, आणि दुरुस्तीचं सामान ठेवायच्या खोलीत पोचले. तिथं हवालदार डबा खात बसले होते. समोर एक जुना कॉम्प्युटर, आणि त्यावर तीच नोंद.

"सापडलात!" मी ओरडले. आजही आठवलं की त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "मालकीण माजी. वरीस झालं."

सहा महिने मी त्यांच्या शेजारी काम केलं. त्यांचं नाव संपत आहे, हे कधी विचारलंही नव्हतं.

"रान तिच्या नावावर हाय," ते म्हणाले. "पाण्याच्या पाळीची चिठ्ठी तिच्या नावानं निघती. पाणी सोडणारा पाटकरी नवा हाय, त्याला काय ठावं न्हाई. त्यो चिठ्ठी वाचतो आन बांधावरनं हाळी देतो, 'शालनवैनी, पाणी आलं वो!' घरात आता तिचं नाव घेनारं कोन न्हाई, बाई. माजं नाव घाटलं तर मला हाळी दील. मला कशाला हाळी? मी तर हायेच की."

मी स्टुलावर बसले. नोंद बदलायला तर हवीच होती. ती बघता बघता माझी नजर खालच्या रकान्यावर गेली, 'शेताची ओळख'. लोक त्यात 'वडाखालचं', 'खडकाळ पट्टी' असलं काहीबाही लिहायचे, आणि ते चिठ्ठीवर सगळ्यात वर, ठळक छापून यायचं. हवालदारांचा तो रकाना मोकळा होता.

"हवालदार, इथं काय घालायचं?"

त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'शालनचं रान'. वर आपलं नाव घातलं, आणि नोंद बंद केली.

सोमवारी यादी गेली. पुढच्या पाळीला हवालदार चक्क अकरा वाजता आले, विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल.

"दिली का हाळी?" मी विचारलं.

"दिली की. 'शालनचं रान, पाणी आलं वो!' दोनदा दिली."

"दोनदा कशाला?"

ते रुमालानं माझा कॉम्प्युटर पुसत राहिले.

"पयल्या हाळीला मी ओ दिलीच न्हाई."