छोटी बहीण बसते

मुलाला बोलता येणे आणि मुलाला वाक्य करता येणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असून पहिलीमुळे दुसरीचे अतोनात नुकसान होते, याबद्दल शिक्षणक्षेत्रात आता दुमत उरलेले नाही. घरची माणसे मुलांशी वाटेल तसे बोलतात (कर्ता-कर्माचा काही धरबंध नसतो) आणि पुरते बिघडवून झाले की मूल शाळेच्या हवाली करतात.

आमच्या शाळेने यावर जालीम उपाय काढला. दुसरीच्या वर्गात तोंडी बोलणे बंद. प्रत्येक मुलाला शब्दपट्ट्या मिळतात. नामाच्या पिवळ्या, विशेषणाच्या हिरव्या, क्रियापदाच्या लाल. फळ्यावरच्या कापडी खिशांत त्या ओळीने खोचायच्या. बाईंनी मान डोलावली की वाक्य झाले. अर्धवट वाक्याची दखल घेतली जात नाही. क्रियापदे समितीने निवडली आहेत: हसणे, गाणे, नाचणे, खाणे, बसणे. रडणे, पडणे, हरवणे ही वगळली, कारण त्यांचा बालमनावर वाईट परिणाम होतो. तेव्हापासून मुलांच्या तक्रारी शंभर टक्क्यांनी घटल्या आहेत.

या पद्धतीचा परवा जाहीर पाठ ठेवला होता. पुढे तपासनीस साहेब, मध्ये मुले, मागे पालक, दाराशी शिपाई. पाठ रंगात आला आणि शेजारच्या साहित्याच्या खोलीतून दारावर थापा आणि 'ताई, ताई' अशा हाका ऐकू येऊ लागल्या. दुसरीतली भिंगरी ताडकन उठली.

"बाई, छकुली आत अडकलीय!"

छकुली ही तिची धाकटी बहीण, बालवर्गातली. शिपायाने खोलीला कुलूप लावले तेव्हा ती आत खोक्यांमागे खेळत होती, एवढाच काय तो मामला. खोलीला खिडकी नाही (साहित्यावर धूळ बसते).

"असं ओरडायचं नाही, बाळा," बाई मायेने म्हणाल्या. "पट्ट्या लाव बघू."

भिंगरीने 'छोटी' लावली, 'बहीण' लावली. पुढे अडकणे हवे होते. लाल पट्ट्या तिने दोनदा उलथ्यापालथ्या केल्या आणि शेवटी निरुपायाने 'बसते' खोचली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! कुठं बसते गं?" साहेबांनी कौतुकाने विचारले. साहेब स्वभावाने मनमिळाऊ आहेत.

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "सर, जागा दाखवणारे शब्द तिसरीला आहेत."

"मग राहू द्या. पाया पक्का होऊ दे आधी."

थापा आता जोरात पडत होत्या आणि मध्येच थांबतही होत्या. त्या थांबल्या की भिंगरीचा चेहरा पांढरा पडे. अखेर तिने हातातल्या पट्ट्या बाईंच्या टेबलावर भिरकावल्या, शिपायाच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा हिसकावला आणि धूम ठोकली.

"अगं ए पोरी, किल्लीला सही लागते!" म्हणत शिपाई तिच्यामागे धावला.

छकुली बाहेर आली ती घामाने निथळत. आवाज पार बसलेला. तिने बहिणीला जी मिठी मारली ती कितीतरी वेळ सोडलीच नाही. त्या मिठीत एकही शब्द नसल्यामुळे गुण देण्याचा प्रश्न उद्भवला नाही. 'पद्धत उत्कृष्ट, एका मुलीचे वर्तन आक्षेपार्ह,' असा शेरा मारून साहेब चहाला गेले. भिंगरीला पुन्हा पिवळ्या पट्ट्यांपासून सुरुवात करायला लावली आहे.

आता आपण विचाराल, एवढे पालक मागे बसले होते, त्यांतला एकही उठला कसा नाही? प्रश्न रास्त आहे. मात्र तिसऱ्या रांगेत मोबाइल उंच धरून आपणच बसला होतात. आपल्या चिरंजीवांचे 'गोड मुलगा गातो' नीट रेकॉर्ड होईना, म्हणून शिपायाकडे वळून आपण म्हणालात, "अहो, तेवढा तो आवाज बंद करा ना जरा."