रूळ सोडून सत्कार

प्रल्हाद शेटे यांच्या मेंदूत पुन्हा सत्कार समारंभ लागला होता, त्यामुळे त्यांच्या बायकोचं नाव त्यांच्या तोंडापर्यंत पोचत नव्हतं.

सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "मावशी, साखर जरा कमीच घाला." त्यांच्या बायकोनं, इंदुमतीबाईंनी, बशी खाली ठेवली. ज्या माणसानं कराडच्या स्टँडवर बसून हयातभर गाड्या पुकारल्या, त्याला घरातलं एक नाव पुकारता येऊ नये? जेवणं झाल्यावर त्यांनी नवऱ्याला आरामखुर्चीत बसवलं, पदर खोचला आणि त्याच्या डाव्या कानातून आत गेल्या. नातेवाइकांना दुपारी आत सोडतात.

आत मज्जापेशीतले रूळ एका अंगाला कलले होते. नावांच्या ढकलगाड्या जागोजागी अडकल्या होत्या. हे रूळ धरून ठेवायचं काम टाऊ नावाच्या प्रथिनांचं, पण एकही जागेवर नव्हतं. सगळी मांडवात, एकमेकांच्या शालींत गुरफटून, गुंता होऊन बसली होती. टाळ्या चालू होत्या.

"इथला प्रमुख कोण?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

नाकापर्यंत शालींत बुडालेला एक टाऊ पुढे आला. "मी सचिव. बसा ना वहिनी, थोडेच सत्कार राहिलेत."

"बसायला नाही आले. रूळ कुणी धरायचे?"

"आम्हीच धरायचे. म्हणून तर सत्कार."

"मग धरा की!"

"हात कुठे मोकळे आहेत?" सचिवानं शालींचा भारा वर उचलून दाखवला. "फॉस्फेटच्या आहेत. एखादी अंगावर असली तर काम नीट होतं, तसा नियमच आहे. पण एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही, असं समितीला करता येत नाही. लोक रुसतात."

"आणि जास्तीच्या उतरवायला कुणी नाही?"

"होता ना! फार कामाचा माणूस. त्याचाच सत्कार सगळ्यांत आधी केला." कोपऱ्यात शालींचा एक ढीग होता. तो मंद श्वास घेत होता.

इंदुमतीबाईंचा तोल सुटला. "अरे, लाजा वाटतात का? माझा माणूस बाहेर मला ओळखत नाही, आणि तुम्ही इथे हार घालत बसलात?"

मांडवात जोरात टाळ्या पडल्या. भाषण सगळ्यांना आवडलं होतं.

आपण भांडतो आहोत की बोलायला उभ्या राहिलो आहोत, हे त्यांनाच कळेना. मग त्यांनी विचार सोडला. अडकलेल्या गाडीतून आपलं नाव दोन्ही हातांनी उचललं. ते वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं.

"हे चालतं का?" त्यांनी विचारलं.

"हातानं नेऊ नये असं कुठे म्हटलेलं नाही," सचिव म्हणाला.

कललेल्या रुळांवरून ठेचकाळत त्या निघाल्या. घसा जवळ आला, तसा बाहेरून नवऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. "इं... इंदु..."

"वहिनी, थांबा!" सचिव धापा टाकत मागून आला. "इथे काम करणारं माणूस आम्ही कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. समितीनं एकमतानं ठरवलं."

"अहो, माझे हात..."

शाल खांद्यांवर पडली. मांडव उठून उभा राहिला. खांद्यांवर शाल पडली की माणूस जे करतो, तेच इंदुमतीबाईंनी केलं. त्यांनी हात जोडले.

नाव रुळांच्या फटीतून खाली गेलं. पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

त्या कानातून बाहेर आल्या तेव्हा प्रल्हादराव तोंड अर्धवट उघडं ठेवून बसले होते. समोर शाल पांघरलेली बाई पाहून ते अदबीनं उठले.

"या, या. कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढे केलेल्या खुर्चीत बसल्या.