भटूआप्पा आणि फुकटची बॅटरी

भटूआप्पा गाडीत बसण्याआधी चपला काढतात. देवळाबाहेर काढाव्यात तशा, जोडी नीट लावून. मग अनवाणी पाय पेडलवर ठेवतात, डोळे क्षणभर मिटतात आणि गाडी आवाज न करता गल्लीतून निघून जाते. चपला तिथेच राहतात.

आमच्या प्रकाशा गावात आता याचं कुणाला नवल वाटत नाही. मी आप्पांची शेजारीण, शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. कधी दुधाच्या डेअरीसमोरून, कधी संगमेश्वर गल्लीच्या कोपऱ्यावरून लोक त्यांच्या चपला उचलून आणतात आणि माझ्या ओट्यावर ठेवून जातात. मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, चप्पल घाली ते पायले समजत नही, पेडल कितलं दबनं. गाडीले पेट्रोल पाजानं नही, फक्त वास देवाना."

हा वास देण्याचा कार्यक्रम सुरू झाला तो त्यांनी हायब्रिड गाडी घेतल्यापासून. आधी त्यांच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. ती तापीच्या पुलावर आली की अख्ख्या गावाला कळायचं. ती विकून आप्पा सुरतेला गेले आणि वापरलेली, परवडेल अशी हायब्रिड घेऊन आले. पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरी, दोन्ही एकाच गाडीत. हळू चालवली की नुसती बॅटरीवर चालते आणि समोरच्या काचेखाली हिरवी अक्षरं उजळतात. ती अक्षरं विझू द्यायची नाहीत, हे आप्पांचं व्रत. एकादशी मोडतील, पण हिरवं मोडू देणार नाहीत.

गाडीचा आकारही त्यांना फार आवडतो. येईल त्या पाहुण्याला ते गाडीभोवती फिरवतात. पुढून निमुळती, छत मागे उतरत गेलेलं. "देखा, वारा कसा सरकी जास," असं म्हणत छतावरून हात फिरवतात, लाडक्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. वारा अडायला नको म्हणून गाडी चालताना काच उघडायची नाही, आणि बॅटरी खाते म्हणून एसी लावायचा नाही. यामुळे मार्च महिन्यात त्यांच्या गाडीत बसणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच विचारा.

वजनाचंही तसंच. एका लग्नाला आम्ही नंदुरबारला निघालो तर आप्पांनी माझ्या आहेराच्या पितळी भांड्यांकडे संशयाने बघितलं. "भांडा एसटीवर धाडी द्या ना!" मी अर्थातच भांडी मांडीवर घेऊन बसले. वाटेत गाडी पंक्चर झाली. तेव्हा कळलं की आप्पांनी वजन कमी करायला स्टेपनी काढून गोठ्यात ठेवली होती. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून आमची वरात पंक्चरच्या दुकानापर्यंत गेली. मी घामाने निथळत होते, भांडी आपटत होती, आणि आप्पा मात्र खुशीत मागे वळून म्हणाले, "मॅडम, आजनं ॲव्हरेज देखा!"

पेट्रोल पंपावरचा माणूस एकदा काळजीने मला विचारत होता, "आप्पा बिमार शेत का? बराच दिन दिसनात नही."

पण एवढा थेंबाथेंबाला जपणारा माणूस दर शनिवारी एक गोष्ट करायचा, ती काही माझ्या पचनी पडेना. ते गाडी काढायचे आणि शहादा, म्हसावद करत सातपुड्याचा घाट चढून धडगावला जायचे. काम काही नाही. संध्याकाळी परत.

"घाट उतरतांना बॅटरी फुकट भराई जास," ते सांगायचे. "फुकट!"

आता मी विज्ञानाची बाई. उतारावर चाकं फिरतात, त्यातून बॅटरी भरते, हे खरं. पण त्याआधी घाट चढायला जे पेट्रोल जळतं त्याचं काय? मी त्यांना परोपरीने समजावलं. म्हटलं, "आप्पा, गच्चीवर बादल्यांनी पाणी चढवायचं, मग नळातून खाली सोडायचं आणि म्हणायचं फुकट पाणी आलं, तसं आहे हे." आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते पुस्तकमा, मॅडम. गाडीमा तसं नही ऱ्हास." मी त्यांना फळ्यावरची आकृतीसुद्धा कागदावर काढून दिली. त्यांनी त्या कागदाने काच पुसली.

तर असे आप्पा. पण त्यांच्याबद्दल बोलायचं आणि ज्योतीबद्दल बोलायचं नाही, असं होणार नाही.

ज्योती ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. आप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. शाळेत जाताना तिच्या वेण्या तेच घालायचे. वेण्या वाकड्या, पण इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या. ज्योती नर्स झाली, धडगावच्या सरकारी दवाखान्यात लागली आणि तिथल्याच एका पावरा आदिवासी समाजातल्या शिक्षकाशी तिने लग्न ठरवलं. आप्पांना विचारलं नाही, सांगितलं. आप्पा लग्नाला गेले नाहीत. वर पारावर चारचौघांत "मले आंडेर नही" असं बोलून बसले. मुलगीच नाही म्हणे! बोलून बसले आणि अडकले, कारण शब्द मागे घेणं हे त्यांच्या रक्तात नाही. ज्योतीही त्याच रक्ताची. तिनेही फोन केला नाही.

मग गावात बातमी आली, ज्योतीला दिवस गेलेत. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. बाप किंवा भाऊ जाऊन मुलीला घेऊन येतो, तशी रीतच आहे. पण भाऊ नाही, आई नाही आणि बाप असा. ज्योतीला आणणार कोण? महिने सरत चालले तशी सगळ्या गल्लीला हीच चिंता. बायांनी मला पुढे केलं. मी आप्पांना म्हटलं, "तुम्ही तिला फक्त आणा. बाळंतिणीचं सगळं मी बघते." आप्पा उठले, गाडीच्या चाकाला बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाले, "टायरमा हवा कमी वाटी ऱ्हायनी." मी रागाने घरी आले. असा दगड बाप कुणाला मिळू नये, असं तेव्हा वाटलं.

त्यानंतर एका शनिवारी माझं धडगावला प्रशिक्षण निघालं. शेअर जीपमध्ये कोंबून जाण्यापेक्षा म्हटलं, आप्पा जातातच आहेत. त्यांनी बरीच टाळाटाळ केली. "कसाले? जीपा शेत ना भरपूर." मी ऐकलं नाही. पुढचं दार उघडायला गेले तर म्हणाले, "मांगे बठा."

मागच्या सीटवर एक गोधडी घडी करून ठेवली होती, शेजारी नवी उशी. मला गंमत वाटली. स्टेपनी जड होते, आणि ही गोधडी काय वाऱ्याने भरलीय?

घाट लागला. जीपा आम्हाला मागे टाकत होत्या. टपावर बसलेली माणसं हात हलवून आमचा निरोप घेत होती. आप्पांचं लक्ष रस्त्यावर होतं. खड्डा आला की गाडी मुंगीच्या चालीने एक चाक उतरवायची, मग दुसरं. आणि प्रत्येक वेळी ते विचारायचे, "धक्का लागना का?"

"नाही."

पुढच्या वळणावर पुन्हा, "आते? आते लागना का?"

"नाही हो आप्पा!"

"नीट सांगा, मॅडम. पोटमा हाललं का काही?"

मी म्हटलं, हे आता ॲव्हरेजवरून पोटावर कसे घसरले?

प्रशिक्षण दुपारी संपलं. आप्पा मला घ्यायला आले, पण परतीच्या रस्त्याला न लागता त्यांनी गाडी सरकारी दवाखान्यासमोरच्या झाडाखाली नेऊन उभी केली. हिरवी अक्षरं चालू, आवाज काहीच नाही. "थोडं थांबूत," म्हणाले. काचा बंदच. एक कुत्रं गाडीखालच्या सावलीत येऊन झोपलं. आप्पा दवाखान्याच्या दाराकडे बघत होते. ते इतके गुंगले होते की मी हात लांब करून एसी लावला तरी त्यांना कळलं नाही.

दवाखान्याची पाळी सुटली. बायका बाहेर आल्या आणि सगळ्यात मागून, कंबरेवर हात ठेवून, पायऱ्या एकेक करत ज्योती उतरली. पोट चांगलंच पुढे आलं होतं. प्रत्येक पायरीला आप्पांचा अनवाणी पाय ब्रेकवर दाबला जात होता.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोधडी, उशी, धक्का लागला का, पोटात हललं का. हा माणूस दर शनिवारी घाटातला एकेक खड्डा पाठ करत होता. जीप विकली तीसुद्धा म्हणूनच. त्या जीपचा आवाज ऐकून ज्योती लहानपणी फाटकापर्यंत धावत यायची. त्या आवाजाने तिने ओळखलं असतं. बिनआवाजाची गाडी घेतली की दुरून बघता येतं. मुलीला न्यायची सगळी तयारी झाली होती. राहिलं होतं ते फक्त तोंड उघडणं, आणि तेच या माणसाला जमत नव्हतं. मी त्यांना ऊर्जेचा नियम शिकवत होते! माझा मलाच राग आला.

ज्योती फाटकाबाहेर आली, आमच्या गाडीकडे तिने नजर टाकली न टाकली आणि मान वळवून चालू लागली.

तेवढ्यात बॅटरी संपली. घाट चढून आधीच दमलेली, त्यात माझा एसी. हायब्रिड गाडीची बॅटरी उतरली की कुणाला न विचारता इंजिन आपोआप सुरू होतं. ते एकदम घुरघुरलं. खालचं कुत्रं केकाटत बाहेर पळालं, दवाखान्याच्या दारातल्या सगळ्या बायांनी माना वळवल्या. ज्योतीही थांबली. आता दोघांनाही न बघितल्याचं सोंग करता येईना.

ती गाडीपाशी आली. आप्पांनी काच खाली घेतली.

"कव्हयपाईन बठेल शेतस?" तिने विचारलं.

"आत्तेच ऊनू," आप्पा म्हणाले.

"खोटं नका बोलू. मांगला शनवारले भी देखं मी. त्याना आधीले भी."

"मंग आवाज काबर नही दिना?"

"तुम्हीन काबर नही दिना?"

ज्योतीने पदराने तोंड पुसलं आणि जरा हसत, जरा रडत म्हणाली, "तुमनीच आंडेर शे मी."

आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्हीन पुढे या." मी पुढे आले. ज्योती मागे बसली, गोधडीला टेकून. तिने उशी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि मांडीवर ठेवली.

"सुट्टी कव्हय लागस?" आप्पांनी समोर बघत विचारलं.

"सोमवारपाईन."

"मी लेवाले येसू."

"या," ज्योती म्हणाली. मुलीला माहेरी न्यायला येण्याचं, महिनोन्महिने अडलेलं काम एवढ्यात उरकलं. मला मात्र हुंदका आवरेना, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

"घरपावत सोडी देस तुले," असं म्हणत आप्पांनी गाडी काढली. बाजार ओलांडला. पुढे रस्ता फुटत होता तिथे ज्योती पुढे वाकून म्हणाली, "आप्पा, तठे पिठनी गिरणी शे ना, तिना जोडे..." आणि थांबली. कारण आप्पांनी इंडिकेटर आधीच दिला होता. गल्ली अरुंद, वळणं आडवीतिडवी, मध्ये एक उघडी गटार. कुणालाही काही न विचारता त्यांनी गाडी एका निळ्या दाराच्या घरासमोर नेऊन अलगद उभी केली.

ज्योती उतरली नाही. तिने पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकवलं. आप्पांनी मागे न बघता हात मागे नेला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. मी दार उघडून हळूच खाली उतरले.