सर्जेराव आण्णांची सात मिनिटं

लोकप्रतिनिधीने सभागृहात किमान किती बोलावे, याबाबत कायदा गप्प आहे. आमच्या भागाचे आमदार सर्जेराव आण्णा हेही कायद्याला धरून गप्प असत. पहिल्या दोन वर्षांत शेवटच्या बाकावरून त्यांनी तीनदा तोंड उघडलं. एकदा शपथेला, एकदा 'होय' म्हणायला आणि एकदा, "पंखा जरा कमी करा" असं सांगायला. (तिन्ही वेळा काम झालं. मोठमोठ्या वक्त्यांना हे जमलेलं नाही.) उरलेला वेळ ते मतदारसंघात लग्नं लावत. आण्णा मांडवात शिरले की बँड थांबे आणि नवरदेवाकडे कोणी बघत नसे.

१९८८ साली मात्र बिघडलं. झुंबरबाई नावाची म्हातारी त्यांच्या घरी आली. तिच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात चार वर्षं नर्स नव्हती. सून दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली. सून वाचली, मूल गेलं. झुंबरबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "आण्णा, तिच्या लग्नाला तुम्ही आल्ते. अक्षता टाकल्त्या तुम्ही."

त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत.

मार्चमध्ये त्यांनी प्रश्न विचारला. उत्तर आलं, "माहिती मागवण्यात येत आहे." पावसाळी अधिवेशनात पुन्हा विचारला. "माहिती आली असून ती तपासण्यात येत आहे." (प्रगती होती, हे मान्य करावं लागेल.) डिसेंबरात नागपूरला ते सात मिनिटं बोलले. अध्यक्षांनी घंटा वाजवली, तरी उभेच.

"बसतो, अध्यक्ष महाराज. पण नर्स कोणत्या तारखेला येनार, तेवढं बोला. मला त्या बाईला तोंड दाखवायचंय."

सभागृह हसलं. मंत्र्यांनी तारीख दिली आणि, आश्चर्य म्हणजे, त्या तारखेला बेबीनंदा नावाच्या नर्सबाई खरोखर हजर झाल्या.

पण या वर्षात आण्णांची एकशे चौदा लग्नं आणि साठ दहावे बुडाले. रामकिसन नावाच्या एका मतदारानं त्यांना भर बाजारात अडवलं.

"पोराच्या लग्नाला आल्ते न्हाई तुम्ही."

"अरे, नर्सचं बोलून राह्यलो होतो तिकडं."

"मंग? नर्स येनार हाय का अक्षता टाकायला?"

आण्णा तसेच घरी गेले. पत्नी पुष्पाबाई त्यांना म्हणाल्या, "बरोबर केलं तुम्ही. आता पडाल."

ते पडले. झुंबरबाईच्या गावात मतदान त्या आरोग्य उपकेंद्राच्याच व्हरांड्यात झालं. नर्सबाईंनी रांगेतल्या लोकांना पाणी दिलं. लोकांनी पाणी पिऊन, नर्सबाईंचं कौतुक करून मतं दिली. आण्णांना त्या गावात एकेचाळीस मिळाली.

नवे आमदार सभागृहात अजून बोललेले नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात मात्र मंगलाष्टकांआधी पंचवीस मिनिटं बोलले. आम्ही धन्य झालो.

तुम्ही हसताय, हसा. फक्त तुमच्या आमदारांनी यंदा सभागृहात काय विचारलं, तेवढं सांगा. आठवत नाही? असू द्या. तुमच्या घरच्या पत्रिकेवर त्यांचं नाव कुलदैवताच्या किती ओळी खाली छापलं होतं, ते तरी आठवत असेल.